कासाई वाया जात नाही

"शेवटी यकृत बदलायचंच, तर आधी कासाई शस्त्रक्रिया कशाला?" हा बिलियरी अट्रेसिया झालेल्या बाळांबद्दल विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे, पण त्यातून काढलेला 'म्हणजे कासाई वायाच जाते' हा निष्कर्ष पटला नाही. या आजारात बाळाच्या पित्तनलिका बुजतात आणि पित्त यकृतातच तुंबतं. जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून दिली; हीच कासाई शस्त्रक्रिया. बऱ्याच मुलांना पुढे प्रत्यारोपण लागतं, हे खरंच. पण मधला काळ मिळाला की मूल वाढतं, लसी उरकतात. काही जण तर स्वतःच्याच यकृतावर मोठे होतात.

मात्र वेळ गाठायला हवी. जन्मापासून साधारण ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर पित्त वाहण्याची शक्यता जास्त. म्हणून मला तैवानचं शीच्या रंगांचं कार्ड (२००४ पासून देशभर) फार मोलाचं संशोधन वाटतं. पित्त आतड्यात न पोचल्याने होणारी पांढुरकी शी घरातच ओळखता येते! उलट, शस्त्रक्रियेनंतर भरपूर स्टेरॉइड देण्याचा उपाय २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत काही टिकला नाही.

आणि जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही बाळाची कावीळ रेंगाळली, तर नुसतं कोवळ्या उन्हात ठेवत बसू नका, रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त तुंबलं की वाढणारं पिवळं रंगद्रव्य) तपासून घ्या.