‘फास्ट’ म्हणजे घट्ट की वेगवान?

जिज्ञासू
क्षयरोगासाठी थुंकी तपासतात तेव्हा अहवालात ‘एएफबी’ अशी नोंद असते. तिचा विस्तार ‘ॲसिड-फास्ट बॅसिलाय’ असा होतो. हे जंतू तर प्रयोगशाळेत फारच सावकाश वाढतात, मग त्यांना ‘फास्ट’ का म्हणावे? जलद लोकललाही ‘फास्ट’ आणि उपवासालाही ‘फास्ट’, हे कोडे कोणी उलगडून सांगेल का?

काचपट्टी
येथे ‘फास्ट’ म्हणजे पक्का. झील-नेल्सन पद्धतीत थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरून त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओततात, पट्टी खालून तापवतात आणि मग आम्लमिश्रित अल्कोहोलने धुतात. इतर जंतूंचा रंग त्यात उतरतो. क्षयाच्या जंतूंच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असल्यामुळे त्यांचा मात्र उतरत नाही. नंतर मिथिलीन ब्लू दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. कापडवाले ज्याला ‘फास्ट कलर’ म्हणतात, तोच हा अर्थ.

जुनी पोथी
आणि हाच अर्थ मूळचा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘फेस्ट’ असा होता आणि त्याचा अर्थ घट्ट, स्थिर, न हलणारा असाच होता. ‘फासन’ हे क्रियापद, ‘स्टेडफास्ट’ हे विशेषण आणि गाढ झोपेसाठीचे ‘फास्ट अस्लीप’ ही त्याच घरची मंडळी. वेगाचा अर्थ क्रियाविशेषणाच्या वाटेने आला, म्हणजे ‘घट्टपणे’वरून ‘नेटाने, जोर लावून’ आणि नेटाने धावणारा तो वेगाने धावणारा, अशी ती सरक आहे. मराठी माणसाला हे परके वाटू नये, कारण आपणही दार ‘जोरात’ लावतो आणि गाडीही ‘जोरात’ हाकतो. ‘वेगवान’ या अर्थाचे विशेषण त्यानंतर रूढ झाले, पण जुना अर्थ काही हटला नाही, त्यामुळे नांगरलेल्या बोटीलाही ‘फास्ट’ म्हणता येते आणि पळणाऱ्या बोटीलाही.

जिज्ञासू
उपवासाचे राहिले. तो शब्द निराळा असावा असे मला वाटत होते.

जुनी पोथी
निराळा नाही, मूळ तेच आहे. गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या जुन्या भाषेत ‘फास्तान’ म्हणजे राखणे, पाळणे. त्यावरून नियम घट्ट पाळणे आणि पुढे अन्न वर्ज्य करणे. आपण एकादशी ‘धरतो’, तेव्हा वेगळे काय करतो? ‘ब्रेकफास्ट’मध्ये मोडला जातो तो हाच उपवास.

हायडेलबर्गकर
जर्मनमध्ये घट्ट या अर्थी ‘फेस्ट’ आजही चालतो. त्याचाच भाऊ ‘फास्ट’ मात्र तेथे ‘जवळजवळ’ या अर्थाने वापरतात, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने जर्मन वाचणारा नवखा माणूस हमखास फसतो. घट्ट चिकटून असलेले ते अगदी जवळ, असे ते वळण असावे. इंग्रज कवी मिल्टननेही ‘फास्ट बाय’ हे ‘अगदी लगत’ या अर्थाने लिहिले आहे.