मधुमालती : तुमच्या दारची वेल कशी फुलली?

आईच्या साताऱ्याच्या घराला फाटकावर मधुमालतीची कमान होती. घर विकायचं ठरलं तेव्हा बुडाशी आलेला एक फुटवा मुळासकट काढून मी पुण्याला आणला. आता चौथ्या मजल्यावर, गच्चीतल्या जुन्या ड्रममध्ये तिला तीन वर्षं झाली. पानं अशी तुकतुकीत की बघत राहावं, पण फूल एकही नाही. ज्यांच्याकडे ही वेल फुलली आहे किंवा माझ्यासारखी रुसली आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहा. कुठे लावलीत, ऊन किती, खत कुठलं, छाटणी कधी, सगळंच सांगा.

एक खुलासा. मी म्हणतेय ती रंगून क्रीपर, म्हणजे कॉम्ब्रेटम इंडिकम. हळदवेलीलाही काही जण मधुमालती म्हणतात, पण ती निराळी. तिच्या पाकळ्यांना झालर असते आणि फळाला तीन पंख.

ठाणे

ताई, आधी दोन प्रश्न. छाटता का? आणि शेणखत किती घालता? माझी वेल अकरा वर्षांची आहे, तळमजल्यावर जमिनीत लावलेली. पहिली काही वर्षं मी तिला कात्री लावली नाही, जीवच होत नव्हता. मग एका माळीकाकांनी फांदी हातात धरून दाखवलं : फुलांचा घोस येतो तो यंदाच्या नव्या फुटीच्या शेंड्याला. जुनं लाकूड नुसतं वाढत राहतं. तेव्हापासून दर फेब्रुवारीत निम्म्याहून जास्त कापते. एप्रिलपासून घोस लागतात ते पार पाऊस संपेपर्यंत.

खताचं म्हणाल तर नत्र जास्त झालं की ती पानांतच रमते. वर्षातून दोनदा कंपोस्ट, कळ्या धरायच्या आधी मूठभर बोनमील, बस. आणि ऊन! पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

रत्नागिरी

लागवडीचं मला फारसं सांगता येणार नाही, आमच्याकडे ती आपोआपच वाढते. पण एक गोष्ट जरूर करा. फुलायला लागली की एक दिवस दिवेलागणीला तिच्यापाशी खुर्ची टाकून बसा.

कळ्या लांब नळीसारख्या, खाली लोंबणाऱ्या. अंधार पडता पडता एकेक उघडते, अगदी पांढरी, आणि वास सुटतो. ते पांढरं फूल जवळजवळ आडवं असतं. मग हॉकमॉथ जातीचे पतंग येतात. बसत नाहीत, हवेतच थरथरत लांब सोंड नळीत घालतात. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होऊन खाली झुकलेलं असतं, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तीन रंग दिसतात ते यामुळे. ही तीन वेगळी फुलं नाहीत, एकाच फुलाचे तीन दिवस आहेत. मी पन्नाशीत आलो तेव्हा हे नीट पाहिलं, त्याआधी रोज तिच्याखालून जात होतो.

नाशिक

सावधगिरीचा अनुभव लिहिते. आम्ही पत्र्याच्या हलक्या शेडवर चढवली होती. जुलैच्या एका रात्री पावसानं भिजलेल्या वेलीच्या वजनानं शेड एका बाजूनं बसली. खाली स्कूटर होती, माणूस नव्हतं, हे नशीब. आधार लोखंडी आणि पक्काच हवा. मुळांतून फुटवेही दूरवर निघतात, आमच्याकडे सात-आठ फुटांवर फरशीच्या सांध्यातून वर आला. ताई, तुमचा ड्रम त्या दृष्टीनं चांगलाच.

छाटताना हातमोजे घाला. पान गळलं तरी देठाचा बुडखा राहतो आणि वाळून काट्यासारखा होतो. त्याच आकड्यांनी ती वर चढते आणि तेच बोटात घुसतात.

मडगाव

लहानपणी आम्ही फुलाची नळी मागून चोखायचो, गोड थेंब लागायचा. लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणीही व्हायची. नवीन रोप हवं असेल तर पावसाळ्यात दाब कलम करा : जमिनीलगतची फांदी मातीत दाबून वर दगड ठेवायचा.

ह्यूस्टन, अमेरिका

इथे आमच्या कुंपणावर आहे, भारतीय नर्सरीतून आणलेली. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत संपूर्ण काळी पडली. आम्ही जमिनीपर्यंत कापली आणि गेली म्हणून मन घट्ट केलं. एप्रिलच्या शेवटी मुळापासून तीन कोंब आले आणि त्याच वर्षी फुललीही. आता हिवाळ्यात बुडाशी जाड आच्छादन घालतो. तेव्हा कात्रीला घाबरू नका, मूळ शाबूत असेल तर ती परत येते.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारीत धीर करून गुडघ्याइतकी कापली. ड्रम टाकीच्या सावलीतून पश्चिमेच्या कठड्याशी आणला, शेणखत बंद केलं. मार्चमध्ये नुसते कोंब, एप्रिलमध्ये नुसती पानं. मी पुन्हा खट्टू झाले होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका शेंड्याला बारीक हिरव्या कळ्यांचा झुबका दिसला, मोजल्या तर अठरा.

परवा संध्याकाळी दोन उमलल्या. रत्नागिरीकरांनी सांगितल्याप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. पतंग काही आले नाहीत, वास मात्र साताऱ्याचाच. काल सकाळी दोन्ही गुलाबी. आईला फोटो पाठवला तर लगेच तिचा फोन आला. म्हणाली, "बुडाशी फुटवा आलाय का बघ. आला असेल तर मला आण, इथल्या ग्रिलला लावते."