बायपासनंतर बाबा आपले आपण वावरतील का, हे आधी कळतं का?

प्रश्न:
बाबा ७६ वर्षांचे आहेत. बायपास आहे आणि त्याच वेळी महाधमनीची अरुंद झालेली झडपही बदलायची आहे. सर्जननी युरोस्कोर-२ काढून जोखीम समजावून सांगितली. पण तो आकडा जीव वाचण्याचा. बाबा विचारतात ते वेगळंच: "अंघोळ माझी मला करता येईल ना? जिना चढेन ना?" याचा अंदाज कुणी देतं का? इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ५५ टक्के आहे, म्हणजे काळजी नको ना? सध्या खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांवर जोर देतात. वजनही उतरलंय.

उत्तर (कार्डियाक रिहॅबमधली फिजिओथेरपिस्ट):
ताई, बाबांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो सर्जनना त्यांच्याच शब्दांत विचारा. युरोस्कोर-२ मृत्यूची जोखीम सांगतो. माणूस नंतर किती हिंडेल-फिरेल हे सांगण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

इजेक्शन फ्रॅक्शनवरही फार विसंबू नका. ते उत्तम असूनही दारापर्यंत जाताना दमणारे पेशंट मी रोज बघते, कारण चालायला मांड्यांची ताकद, फुप्फुसं आणि हिमोग्लोबिनही लागतं.

आमच्याकडे आधी ५ मीटर चालायला लावतात, नेहमीच्या चालीने. ६ सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद धरतात. २०१० साली आलेल्या एका अभ्यासात सत्तरीच्या पुढच्या पेशंटमध्ये अशी मंद चाल असेल, तर मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीची शक्यता सुमारे तिप्पट दिसली होती.

पण तुमच्या लिहिण्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हातांवर जोर देऊन उठणं. छातीचं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात. तोवर हातांनी रेटा देऊन उठू नका, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. म्हणजे बाबा आज ज्याच्या बळावर उठतात तेच नेमकं बंद होणार. मग पलंगावरून उठणं, कमोडवरून उठणं, सगळीकडे कुणीतरी लागतं आणि माणूस पडून राहतो. पडून राहिला की मांड्या आणखी झिजतात. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी समजतात. मात्र झडप अरुंद आहे, चक्कर येऊ शकते, म्हणून घरी हे करून बघू नका. टीमसमोरच करू द्या. तारखेला अवकाश असेल तर मांड्यांचे आणि श्वासाचे व्यायाम देखरेखीखाली आधीपासून सुरू करता येतील का, तेही विचारा. वजन का उतरलं याचाही छडा लागायला हवा.

उत्तर (आईची झडप बदललेला मुलगा):
आमच्या आईला आयसीयूत भ्रम झाला, रात्री माणसं ओळखेना. त्यातच तिचं चालणं मागे पडलं, आणि याचा कुणालाच आधी अंदाज नव्हता. बाबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते शुद्धीवर येताच द्यायला सांगा. आईला त्याने खरंच फरक पडला.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. मग बाबांना आज काय सांगू?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट):
वरचा अनुभव अगदी खरा. भ्रम, लांबलेला व्हेंटिलेटर, मूत्रपिंडाचा त्रास, यातलं काही झालं की आधीचा अंदाज बदलतो. म्हणून घरी सोडताना तो पुन्हा मागा, तेव्हा हातात जास्त माहिती असते.

बाबांना सांगा, पहिले काही आठवडे अंघोळीला स्टूल आणि जवळ माणूस लागेल. पुढचं पायांवर अवलंबून आहे आणि पाय तयार करता येतात. जिना घरी सोडण्याआधी फिजिओसोबत चढवून घ्यायला सांगा, आणि त्या वेळी तुम्ही तिथे थांबा. कुठल्या बाजूने, कसा आधार द्यायचा ते तिथेच शिकता येतं.