भाडेकरूंचं लाइटबिल: सबमीटर बसवले, पण युनिटचा दर कुठला धरू?

जुळे सोलापूरची मावशी
घर आमचं, मीटर एकच, तोही सासऱ्यांच्या नावावर. वर आम्ही तिघं, खाली पुढच्या दोन खोल्यांत अण्णा आणि काकू, मागे चौघांचं कुटुंब. आजवर लाइटबिल माणशी वाटून घ्यायचो. एप्रिलमध्ये अण्णांच्या वाट्याला 1,529 आले. अण्णांनी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवून जन्म काढलाय. कूलर नाही, उन्हाळाभर ओट्यावर झोपतात. वरचे नऊ रुपये द्यायला काकूंनी तांदळाच्या डब्यातून नाणी काढली. ते बघितल्यापासून मला चैन नाही. मागच्यांचे दोन कूलर दिवसरात्र चालतात, त्याचे पैसे अण्णांनी का भरायचे?

लगेच प्रत्येक घराची युनिटं वेगळी मोजणारे सबमीटर बसवले. मे महिन्याचं बिल 486 युनिट, 6,880 रुपये. त्यात अण्णा 72, मागचे 168, आम्ही 170. उरलेले 76 बोअरची दीड एचपीची मोटर आणि जिन्यातला दिवा. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे मोटर चालवावीच लागते. बिलाला युनिटांनी भागलं तर युनिटला 14 रुपये 16 पैसे पडतात. अण्णांचे 1,019, मोटरचा वाटा वेगळाच. पण स्वतःचं मीटर असतं तर 72 युनिट पहिल्या स्लॅबमध्येच, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या टप्प्यातच बसले असते की! योग्य हिशोब कसा करू?

कन्ना चौक वायरमन
मावशी, आधी सबमीटर तपासून घ्या. त्यावर 3200 इंपल्स लिहिलं असेल तर लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. अण्णांच्या खोलीतलं सगळं बंद करून शंभर वॅटचा जुना बल्ब पंधरा मिनिटं लावा, 80च्या आसपास लुकलुक मोजली गेली पाहिजे. बल्ब काढल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर दुसऱ्याची वायर त्या मीटरवर आली आहे. जुन्या घरात न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात, मी हे बऱ्याचदा बघितलंय. आणि रीडिंग मेन मीटरचं रीडिंग होतं त्याच दिवशी घ्या, नाहीतर युनिटं कधीच जुळणार नाहीत.

हिशोबनीस
तुमची शंका बरोबर आहे. वरच्या स्लॅबचा महाग दर कूलरवाल्यांमुळे लागतो आणि सरासरी काढली की तो अण्णांच्याही माथी बसतो. असं करा: प्रत्येकाचं स्वतःचं मीटर असतं तर विजेचे किती झाले असते, ते बिलावरच्या दरांनी काढा. 0 ते 100, 101 ते 300 असं. मग मोटर वगळून उरलेलं बिल त्याच प्रमाणात वाटा. मोटरचं मात्र माणशी ठेवा, पाणी सगळेच वापरतात. खालच्या दोन्ही घरांना वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर असेल तर महावितरणकडे स्वतंत्र मीटरचा अर्ज करा. कायमचा उपाय तोच.

विजापूर रोड भाडेकरू
माझी एकच विनंती. बिलाचा फोटो आणि सगळ्यांची रीडिंग सगळ्यांना दाखवा. आमचे आधीचे मालक नुसता आकडा सांगायचे, त्यातून भांडणं व्हायची. एकदा त्यांनी माझी लाइटच तोडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29 वाचून घ्या, मालकाला तसं करता येत नाही. वाटणीची पद्धत करारनाम्यात लिहून घ्या.

जुळे सोलापूरची मावशी
सगळ्यांचे आभार. बल्ब लावून बघितला, 79 मोजले. हिशोबनीसांच्या पद्धतीने अण्णांचे मोटर धरून 1,012 आले, सरासरीने 1,258 झाले असते. मागचे थोडे कुरकुरले, पण कागद समोर ठेवल्यावर त्यांनी पैसे दिले. खालच्या दोन्ही घरांच्या स्वतंत्र मीटरचे कागद जमवायला घेतलेत, सासऱ्यांच्या नावाचंही त्यातच निस्तरते. एप्रिलचे जास्तीचे पैसे अण्णा परत घेत नव्हते, म्हणून भाड्यात वळते केले. काल अण्णा चष्मा लावून मीटरपाशी उभे होते. भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली, खाली रीडिंग लिहिलं आणि मला म्हणाले, "ताई, आता दर महिन्याला मीच लिहीन."