शॉर्टहँड: ८० ला मजकूर सुटत नाही, पण नंतर स्वतःचंच वाचता येत नाही

पोवईनाका:
इंग्रजी शॉर्टहँड, पिटमन पद्धत (उच्चारांसाठी रेघा). मिनिटाला ६० शब्द झालं. ८० च्या डिक्टेशनला हात पोचतो, पण ट्रान्सक्रिप्शनला (रेघा वाचून मजकूर उतरवायला) बसलं की 'पिट' का 'पिटी', 'कार' का 'कॅरी' कळत नाही. स्वर (रेघेशेजारच्या छोट्या खुणा) द्यायला वेळच नसतो. लघुटंकलेखकाच्या जागेला ८० लागतंच. साताऱ्यात काही जण म्हणतात पेन्सिल सोडून निबचं पेन घ्या. फरक पडेल?

मिरजवाला:
पेनचं नंतर बघू. ८० ला स्वर कुणीच देत बसत नाही. स्वर कुठं होता ते आउटलाइननंच (शब्दाच्या रेघांच्या आकारानंच) सांगायचं असतं. 'पिट' ला प अर्ध्या लांबीचा काढला की ट त्यातच आला. 'पिटी' च्या शेवटी स्वर आहे, म्हणून तिथं ट पूर्ण काढायचा. 'कार' चा आर खाली उतरतो, 'कॅरी' चा वर चढतो. 'स्लीप' चा एस म्हणजे नुसतं वर्तुळ. 'अस्लीप' ला आधी स्वर आला, तर पूर्ण स्ट्रोक (रेघ).

दुसरं, जागा. 'टॉप', 'टेप', 'टिप' तिन्ही ट-पच. पहिली ओळीच्या वर, दुसरी ओळीवर, तिसरी ओळ कापून. वेग वाढला की हात सगळंच ओळीवर आणून ठेवतो. तुमची वही उघडून बघा, बहुतेक हेच सापडेल.

वाळवेकर:
मिरजवाल्यांशी सहमत, पण जाड-बारीकही तपासा. प बारीक, ब जाड. ट-ड, क-ग तसंच. पेन्सिल घट्ट आवळली की सगळ्याच रेघा जाड होतात, आणि झिजलेल्या टोकानंही तेच. एचबीच्या तीन पेन्सिली टोक काढून शेजारी ठेवा. सुट्या कागदावर लिहू नका. खाली दहा-बारा पानं असली तर दाब नीट उमटतो. निब चांगलं, पण हात हलका असेल तरच.

कुणी ग्रेग सुचवेल (१८८८ ची पद्धत, जाड-बारीक नाही, लांबीवर फरक). ६० झाल्यावर पद्धत बदलू नका.

गोलबाग:
थोडं अवांतर. मोडी म्हणजे आपलं जुनं शॉर्टहँडच ना?

वाळवेकर:
नाही. मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. अक्षरं सगळी लिहावीच लागतात. पिटमनच्या १८३७ च्या पद्धतीत अक्षरं नाहीत, फक्त उच्चार. साम्य एकच: मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, वाचणारा संदर्भानं लावतो.

पोवईनाका:
वही बघितली. खरंच, सगळं ओळीवरच आहे! सराव कसा करू?

मिरजवाला:
८०० शब्दांचा उतारा घ्या, दर २० शब्दांनंतर तिरकी रेघ मारा. ८० ला दोन रेघांमध्ये १५ सेकंद. अडलेल्या आउटलाइन आधी पाच-पाचदा काढा. मग ७० ला पूर्ण, ८० ला पूर्ण, ९० ला फक्त दोन मिनिटं. ८० ची वही त्याच दिवशी वाचू नका, मजकूर डोक्यात असतो. दुसऱ्या दिवशी छापील उतारा न बघता वाचा. जिथं अडाल तिथं लाल खूण करा आणि चूक जागेची, लांबीची की दाबाची, तेही शेजारी लिहा.