वाचनकट्टा: शनिवारचं पुस्तक

बी-३०४ ताई: शनिवारी जॉन बन्यनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' घेऊया का? १६७८ चं आहे, पण दचकू नका. पाठीवर ओझं घेऊन एक माणूस स्वर्गनगरीकडे निघतो. वाटेत निराशेची दलदल, सगळं विकायला मांडलेली जत्रा, राक्षसाचा किल्ला.

ए-१०२ काका: ग्रुपवर धर्मप्रचार नको. नियम आहे.

बी-३०४ ताई: काका, दासबोध वाचला तेव्हा चहा तुमच्याकडूनच होता 😄

डी-२०१: टाकी रिकामी आहे का? नळाला पाणी नाही.

सी-५०१ सर: चांगलं पुस्तक आहे. बन्यन इंग्लंडमधल्या बेडफर्डजवळचा, फुटकी भांडी जोडणारा. परवानगी नसताना प्रवचन केलं म्हणून १६६० मध्ये पकडला. शिक्षा तीनच महिन्यांची होती. 'पुन्हा प्रवचन करणार नाही' एवढं कबूल केलं असतं तर सुटला असता. नाही केलं. आत राहिला बारा वर्षं, १६७२ पर्यंत.

बी-१०३ काकू: आणि घरचे?

सी-५०१ सर: चार मुलं, थोरली मेरी आंधळी. दुसरी बायको एलिझाबेथ त्याच्या सुटकेसाठी न्यायाधीशांपुढे जाऊन भांडली. हा आत बसून नाड्यांना टोकं लावायचा, त्यावर घर चालवायला हातभार.

बी-१०३ काकू: म्हणजे तत्त्व त्याचं, उपास पोरांचे.

सी-५०१ सर: काकू, त्याला कळत होतं ते. बायकोमुलांपासून तुटणं म्हणजे हाडांवरून मांस ओरबाडल्यासारखं, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

ए-१०२ काका: मराठीत मिळेल का? इंग्रजी जुनं झेपायचं नाही.

बी-३०४ ताई: हरी केशवजींनी १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' नावानं मराठीत आणलंय. मराठीतली पहिली कादंबरी मानतात त्या 'यमुनापर्यटन'च्याही सोळा वर्षं आधी! पण शनिवारी किल्ल्याचाच भाग वाचू. निराशा नावाचा राक्षस नायकाला कोंडतो, मारतो, जीव दे म्हणतो. मग त्याला आठवतं, किल्ली आपल्या छातीशीच आहे. कुलूप उघडतं.

सी-५०१ सर: गंमत बघा, बन्यनकडेही किल्ली होतीच. एक 'हो' म्हटलं की दार उघडं. ती त्यानं लावली नाही.

बी-१०३ काकू: दोन्ही किल्ल्या एक कशा, सर? नायकाची किल्ली देवाच्या वचनाची. याची किल्ली म्हणजे सरकारपुढे मान तुकवायची. नसेल लावली तर बरोबरच केलं. पण एलिझाबेथला विचारलं होतं का त्यानं? शनिवारी मी यावरच बोलणार.