कोडमध्ये हाताने खुणा ठेवायच्या, की एडिटरवर सोडायचं?

खाडीकाठ (रत्नागिरी)
टीममधल्या नव्या मुलांना एडिटर शिकवताना वाद झाला, म्हणून इथे टाकतोय. माझ्या मते हाताने बुकमार्क ठेवायची सवय आता सोडावी. व्हिम या एडिटरमध्ये एम आणि एखादं अक्षर दाबलं की त्या ओळीवर खूण पडते, नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल-एफ२ ने पडते, ते ठीक. पण चार दिवसांनी 'सी' या खुणेवर काय होतं हे कोणाला आठवतं? व्हीएस कोडसारख्या एडिटरात एफ१२ ने फंक्शन जिथे लिहिलंय त्या व्याख्येवर जा, ऑल्ट आणि डाव्या बाणाने परत या. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटरला भाषेची माहिती पुरवायची सामायिक पद्धत) आला आणि ही सोय हळूहळू सगळ्या एडिटरांत पोचली. व्हिम तर प्रत्येक विंडोतल्या १०० उड्या, म्हणजे आपण जिथून दुसरीकडे गेलो त्या जागा, स्वतःच लक्षात ठेवतो, कंट्रोल-ओ दाबत मागे जायचं. व्हीएस कोडमध्ये बुकमार्क मुळात नाहीतच, एक्स्टेन्शन (वरून टाकायची जोडणी) टाकावं लागतं. गरज असती तर दिले नसते का?

सुरंगी (कुडाळ)
शेवटचं वाक्य मागे घ्या हो दादा. एक्स्टेन्शन टाकायला लोक आपणहून जातात, याचा अर्थ गरज आहे असाच होतो.

एफ१२ तुम्हाला भाषेला ठाऊक असलेल्या नात्यांवरून नेतं. माझ्याकडे होमस्टे बुकिंगचा जुना कोड आहे. आगाऊ रक्कम पीएचपीत साठवली जाते, जावास्क्रिप्टमध्ये दाखवली जाते आणि रात्री चालणारी एक वेगळी स्क्रिप्ट परतावा काढते. तिघं एकमेकांना कुठेच हाक मारत नाहीत, भेटतात फक्त डेटाबेसच्या एका रकान्यात. पैशांचा घोळ शोधायचा तर या तीन जागांत सारखं येजा करावं लागतं, आणि तिथे एफ१२ ला काही कळत नाही. मी कॅपिटल अक्षरं वापरते: साठवण्याला एस, दाखवण्याला डी, परताव्याला आर. लहान अक्षराची खूण त्या फाइलपुरती, कॅपिटल कुठूनही चालते. अक्षर अर्थाचं ठेवलं की आठवतं. सी, डी, ई अशा ओळीने ठेवणाऱ्याला नाही आठवणार, त्यात खुणेचा काय दोष?

तुमच्या १०० उड्यांचं म्हणाल तर शोधताना पुढच्या जागेसाठी एन दाबलं तरी उडी मोजली जाते. अर्धा तास शोधाशोध केली की सगळी यादी त्यानेच भरते.

तांडेलाचो नातू (मालवण)
माका दोघांचाय पटूक नाय. खूण व्हयी तर कोडातच ठेव. 'हंय बघ' असो कमेंट मारूचो नि मगे शोधूचो. एडिटर खंयचोय असांदे, मिळताच.

सुरंगी
आणि ते 'हंय बघ' क्लायंटच्या ब्रांचवर, म्हणजे त्यांच्या कोडच्या प्रतीत, गेलं की?

तांडेलाचो नातू
कमिटाआधी, बदल पक्के करूच्या आधी, काय बदललां तां डिफात बघतंय मा!

लाईट गेली (देवगड)
या वादात पावसाळा कोणी धरलेलाच नाही. मी डेस्कटॉपवर काम करतो, आणि जूनपासून वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. व्हिम खुणा व्हिमइन्फो या त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये लिहितो, पण नीट बंद होताना. मध्येच मशीन बसलं तर स्वॅप फाइलमधून (काम चालू असताना व्हिम ठेवतो ती तात्पुरती फाइल) मजकूर बराचसा परत मिळतो, त्या बैठकीतल्या खुणा मिळत नाहीत. सुरंगीताई, तुमचे एस-डी-आर असेच जातील. खुणा ठेवून झाल्या की डब्ल्यूव्हिमइन्फो ही आज्ञा द्यायची, म्हणजे तिथल्या तिथे लिहून होतं. ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी बुकमार्क-सेव्ह-फ्लॅग ही सेटिंग १ करावी, मग प्रत्येक बुकमार्क ठेवताक्षणी जपला जातो. कंट्रोल-ओ वाल्यांनी हसू नये, उड्यांची यादीही त्याच फाइलमध्ये जाते.

खाडीकाठ
वीज सोडा, टीमच्या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं काय? व्हिममध्येच वर ओळी घातल्या तर खूण सोबत सरकते, मान्य. पण पुल केलं (इतरांचे बदल आणले) आणि फाइल बाहेरून बदलली की खूण जुन्या ओळ-क्रमांकाला चिकटून राहते. सुरंगीताईंचा आर उद्या भलत्याच फंक्शनमध्ये असेल. चुकीची खूण असण्यापेक्षा नसलेली बरी, कारण तिच्यावर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो.

आंबोळी (वेंगुर्ले)
ईमॅक्स यासाठीच वापरते मी. बुकमार्क ठेवताना तो नुसती जागा नोंदवत नाही, मागची-पुढची १६-१६ अक्षरंही टिपतो आणि फाइल बदलली तर त्यावरून जागा हुडकतो. जीपीएसच्या आधी तांडेल (होडीचे प्रमुख) किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत आणून माशांची जागा धरत, तसंच. ती अक्षरंच कोणी खोडली तर मात्र अंदाजच.

सुरंगी
खाडीकाठदादा, माझ्या खुणा आठवडाभर टिकाव्यात असं मी म्हटलंच नाही. एका घोळापुरत्या असतात, घोळ मिटला की डेलमार्क्स या आज्ञेने पुसायच्या. पुल केल्यावर तीन खुणा पुन्हा ठेवायला मिनिटही लागत नाही. लाईटदादा, ती आज्ञा मात्र घेतली.

खाडीकाठ
वेगवेगळ्या फाइलींतल्या कॅपिटल खुणा मुलांना शिकवतो, चला. एकाच फाइलमधल्या लहान अक्षरांच्या खुणा नाही शिकवणार. तिथे शेवटच्या बदलावर जायला जी आणि अर्धविराम पुरतो.

सुरंगी
बदल करायच्या आधी दोन हजार ओळी नुसत्या वाचाव्या लागतात त्याचं काय? तेव्हा जी-अर्धविराम कुठे नेणार?